आई, नोटीस एवढ्यात देऊ नकोस

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं 'बरं बरं' म्हणते आणि बाबा मागे टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून तयार आहे आणि फक्त मुख्याध्यापकांकडे द्यायचा बाकी आहे, असं बाबांकडून कळलं. आई, तुला नोकरी सोडायची असेल तर सोड. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं राहून शिकवलंस, तुझा तो हक्कच आहे. पण अर्जात तू कारण लिहिलंयस 'वयोमानानुसार काम झेपत नाही', आणि ते मला पटत नाही. छप्पन्न हे काही काम न झेपायचं वय नव्हे. तुला काम झेपत नाही ते थायरॉईडमुळे, आणि त्यावरचं औषध तुला पुरेसं मिळत नाहीये म्हणून.

सुट्टीत आले तेव्हा तुझं रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट सोबत जोडलाय. टीएसएच १८.४ आहे. थायरॉईडचा हार्मोन कमी पडला की हा आकडा वाढतो. आमच्या लॅबमध्ये वरची मर्यादा साधारण साडेचारची धरतात. फ्री टी-४, म्हणजे खुद्द थायरॉईडचा हार्मोन, खालच्या मर्यादेच्याही खाली आहे. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे हा हाशिमोटोचा प्रकार. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला हळूहळू निकामी करते. १९१२ साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरनं पहिल्यांदा याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. त्यात तुझा काही दोष नाही आणि कोबी खाल्ल्यामुळेही हे झालेलं नाही. (बाबा, शिजवलेला कोबी घरात पुन्हा सुरू करायला हरकत नाही.)

आता गोळीचं बघ. सहा वर्षांपूर्वी तुला २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. सुरुवात तेवढ्यानं करणं चूक नव्हतं. वय, हृदय बघून कमीच सुरू करतात आणि दर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासून वाढवत नेतात. तुझ्या बाबतीत ते 'वाढवत नेणं' झालंच नाही. 'चालू ठेवा' असं सांगितलं गेलं आणि पुढे तीच बाटली मेडिकलवाला देत राहिला. ग्रंथी जवळजवळ काहीच करत नसेल तर माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. तुझं वजन ६२, म्हणजे शंभरच्या आसपास. तुझी ग्रंथी अजून थोडंफार करत असेल, त्यामुळे नेमका आकडा डॉक्टर ठरवतील, पण २५ कुठे आणि १०० कुठे! पटावर शंभर मुलं आणि पोषण आहाराचा तांदूळ पंचवीस मुलांचा आला, तर तू केंद्रप्रमुखांना काय ऐकवशील ते मला चांगलं ठाऊक आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र तू सहा वर्षं गप्प बसलीस.

तू मला एकेक सांगत गेलीस, तेव्हा वेगवेगळी दुखणी असल्यासारखं सांगितलंस. मी ती एकत्र मांडून बघते. तिसऱ्या तासाला आवाज घोगरा होतो आणि कविता म्हणवत नाही. हा हार्मोन कमी पडला की स्वरयंत्राला सूज येते. फळ्यावर लिहिताना बोटांना मुंग्या येतात आणि खडू हातातून सुटतो. मनगटातली नस दाबली गेली की असं होतं आणि थायरॉईडच्या पेशंटमध्ये ते बऱ्यापैकी दिसतं. चैत्रातही तुला सकाळी स्वेटर लागतो. पोट साफ होत नाही, म्हणून शाळेला निघायला उशीर होतो आणि हजेरी मस्टरवर लाल शेरा येतो. पहिल्या आठवड्यात अख्ख्या वर्गाची नावं पाठ करणारी तू, आता समोर उभ्या असलेल्या पोराला त्याच्या भावाच्या नावानं हाक मारतेस. यू-डायसवर, म्हणजे त्या सरकारी पोर्टलवर, शाळेची माहिती भरताना आकडा चुकला आणि सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, त्या रात्री तू जेवली नाहीस.

या सगळ्यातलं एकही दुखणं असं नाही की दवाखान्यात दाखल करावं लागेल. त्यामुळे रजा मागायला लाज वाटते. पाय मोडला की पाच जण विचारपूस करायला येतात, थायरॉईडला कुणी येत नाही. ताप नाही, प्लास्टर नाही, चेहरा थोडा सुजलेला, तोही लोकांना 'तब्येत सुधारली' असा वाटतो. काम मात्र रोज थोडं थोडं मागे पडत जातं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात हा आजार नाही. बसूही नये म्हणा, कारण नीट औषध मिळालं तर बहुतेकांना तशी वेळच येत नाही. पण डेन्मार्कमध्ये सरकारी नोंदींवरून अभ्यास झाला, तेव्हा थायरॉईड कमी असलेल्या लोकांना अपंगत्व पेन्शनवर जावं लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. तिथे निदान कुणीतरी मोजलं तरी. आपल्याकडे अशा बायका 'आता होत नाही' म्हणून मुकाट्यानं घरी बसतात, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. आणि या काही थोड्या नाहीत. आपल्या देशातल्या आठ शहरांत, त्यात मुंबई आणि गोवाही होतं, मोठी पाहणी झाली होती. तिचा निष्कर्ष २०१३ साली आला, सुमारे अकरा टक्के प्रौढांना थायरॉईड कमी असल्याचा. तुझ्या केंद्रातल्या शिक्षिकांनाच विचारून बघ, पर्समध्ये ती बाटली किती जणींच्या निघते.

आता बाबा, तुमच्याशी जरा बोलायचंय. तुम्ही सकाळी आईच्या सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून चहाच्या कपाशेजारी ठेवता. ते प्रेमानं करता हे मला माहीत आहे. पण त्या वाटीत थायरॉईडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीची पँटोप्राझोल एकत्र असतात. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून ठेवतं. ॲसिड कमी झालं की ती गोळी नीट विरघळत नाही. वर गरम चहा. म्हणजे जे २५ मिळतात तेही पूर्ण पोचत नाहीत. तेव्हा पहाटे उठल्याबरोबर फक्त ती बारीक गोळी, साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासानं, जमलं तर तासानं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लोहाची गोळी कधी सुरू झाली तर तिलाही चार तासांचं अंतर. ॲसिडिटीची गोळी इतकी वर्षं लागतेच का, हे डॉक्टरांना विचारू. बाटली खिडकीतून काढा, तिथे दुपारी ऊन येतं.

आणि सकाळचा चहा तुम्ही करा. कुकरही तुम्हीच लावा. एसटीत इतकी वर्षं पहाटेची ड्युटी केलीत, साडेपाचला उठणं तुम्हाला काही नवीन नाही. आई शाळेत जाते तेव्हा तिची एक पाळी घरात संपलेली असते, आणि संध्याकाळी ती आडवी झाली की तुम्ही म्हणता, 'उठ, दोन फेऱ्या मार, बरं वाटेल.' फेऱ्या मारायला जी ताकद लागते तीच तिच्याकडे नाहीये हो.

आई, गेल्या वर्षीच्या शिबिरातला तुझा टीएसएच ४.१ आला होता आणि सगळे 'नॉर्मल आहे' म्हणाले होते. तेव्हा तू केस गळतात म्हणून मावशीनं दिलेल्या गोळ्या घेत होतीस. पाकीट मी पाहिलं, त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आहे, तेही १० मिलिग्रॅम. कित्येक मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. त्या रिपोर्टचं तसंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण शंका जरूर आहे. गंमत बघ, केस थायरॉईडमुळे गळत होते, आणि केसांच्या गोळीनं बहुधा थायरॉईडच लपवला. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवायच्या. माझं ऐकशील तर कायमच्याच.

तुला इतिहासातल्या गोष्टी आवडतात, म्हणून एक सांगते. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरनं याच आजारानं पार मंदावलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. बाई तेव्हा ४६ वर्षांची होती, पुढे २८ वर्षं जगली. त्याच्या आधी या आजाराला खरोखर काही इलाज नव्हता. तुझ्याकडे महिन्याला शंभर रुपयांच्या आत मिळणारी गोळी आहे, फक्त ती योग्य मापाची हवी.

लगेच फरक पडेल असं मात्र समजू नकोस. या औषधाचा अर्धा अंश शरीरातून जायलाच आठवडाभर लागतो, म्हणून डोस बदलला की रक्तात स्थिरावायला सहा आठवडे जातात. मग तपासणी, मग पुन्हा बदल. म्हणजे तीन-चार महिने धरून चाल. स्वेच्छानिवृत्तीची नोटीसही तीन महिन्यांचीच असते! आज दिलीस, तर तुझं डोकं ताळ्यावर येईल नेमकी तेव्हा तू घरी असशील. मागे घ्यायची म्हटलं तर वरिष्ठांची मान्यता लागते, आणि तो कागद कोणत्या टेबलावर अडकेल ते तूच मला सांग. शिवाय पूर्ण पगाराची दोन वर्षं जाऊन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आत्ताच सुरू होईल. अगदीच उभं राहवत नसेल तर तुझ्या खात्यावर अर्धपगारी रजा पडून आहे. वर्षाला वीस दिवस जमा होतात आणि तू कधी घेतलीच नाहीस. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. टीएसएच जागेवर येऊनही काही जणांचा थकवा राहतो. म्हणून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखरही बघू. तू फार घोरतेस असं बाबा सांगत होते, तेही डॉक्टरांच्या कानावर घालू. सगळं करूनही तुला शाळा नको वाटली तर अर्ज मी स्वतः टाईप करून देईन, आणि त्यात वयाचं कारण लिहिणार नाही.

आणि स्वतःहून दोन-तीन गोळ्या एकदम सुरू करू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून बजावते. जास्त झालं तर छातीत धडधडतं, ठोके अनियमित होऊ शकतात, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडंही झिजतात. आधी ईसीजी, मग डॉक्टर वाढवतील तसं.

नाशिकच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची, पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे, सकाळी साडेअकराची. सटाण्याहून पहाटेची गाडी पकडा. आधी लॅबमध्ये या, रक्त मीच घेईन. त्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. जुन्या रिपोर्टांची फाईल आणि बाबांच्या हस्ताक्षरातली औषधांची यादी आणा.

तुमची,
सोनू

ता. क. बाबा, व्हॉट्सॲपवर वाचून घरात सगळीकडे सैंधव सुरू केलंय असं कळलं. ते उपासापुरतं ठेवा, रोजच्या भाजीत आयोडीनचं साधं मीठच घाला. आणि धण्याचं पाणी प्यायला काही हरकत नाही, पण गोळीच्या ऐवजी नाही.