मेहेर सिग्नलला मी थांबले नव्हते

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या वर्षी विसर्जनाला तुमचं पथक मेहेर सिग्नलला आलं, तेव्हा ढोल वाजवता वाजवता तू गर्दीत मला शोधत होतास, असं बाबांनी घरी आल्यावर सांगितलं. मी तिथे नव्हते. पहिले ठोके पडले आणि पाचच मिनिटांत मी मागच्या गल्लीत शिरले, एका बंद दुकानाच्या पायरीवर कान दाबून बसले. तू नंतर काही विचारलं नाहीस. "तुला ढोल आवडत नाही, माहितीये मला," एवढंच म्हणालास. ते वाक्य वर्षभर आत रुतून बसलंय.

मला ढोल आवडतो रे. लहानपणी मी ढोलामागे अनवाणी फिरलेय. आता तो डोक्याला सोसत नाही. का, ते मलाच दोन वर्षांपूर्वी कळलं: लहानपणी डोक्याला बसलेले दोन मार.

१९८४ साली मी सात वर्षांची होते. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात माळ्यावरून उतरताना लाकडी जिन्यावरून खाली आले ती थेट फरशीवर. शुद्ध हरपली. किती वेळ, कोणी घड्याळ पाहिलं नाही. शुद्धीवर आले आणि दोनदा उलटी झाली. आजीने टेंगळावर हळद थापली, दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एक्स-रेत हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. मेंदू दाखवणारा सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा एका रुग्णावर झाला होता, पण आमच्या वाड्यात कोणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. आजीला मी कधीच दोष देणार नाही. तिला जे ठाऊक होतं ते तिने सगळं केलं.

दुसरा मार मात्र मी लपवला. अकरा वर्षांची होते. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, एकटीने जायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. तरी गेले. दुतोंड्या मारुतीजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. बराच वेळ तिथेच बसून राहिले. भोवती घंटा वाजत होत्या, त्या लांबून आल्यासारख्या वाटत होत्या. ओले केस वेणीत बांधून घरी आले आणि कोणालाही बोलले नाही. आजीला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर कधीतरी मला वास येईनासा झाला. नेमका कधी, सांगता येत नाही, कारण वास येत नसल्याचं मुलाला कळत नाही. आईने गजरा माळला की सगळ्या "वा!" म्हणायच्या, मीही म्हणायचे. मागून जोराचा मार बसला की मेंदू कवटीत हलतो आणि नाकाच्या वरच्या हाडातल्या बारीक छिद्रांतून जाणारे वासाचे तंतू तुटू शकतात, हे डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं तेव्हा मला रडू आलं. आठवतं तुला? चार वर्षांचा होतास तेव्हापासून तू खेळता खेळता ओरडायचास, "आई, दूध करपलं!" तू जन्मल्यावर तुझ्या टाळूचा वास सगळे घ्यायचे. मी नुसते ओठ टेकवायचे.

शाळेत मी धांदरट ठरले. पाढे पाठ व्हायचे आणि दुपारपर्यंत पुसले जायचे. मग मी सगळं लिहून ठेवायला लागले आणि त्यावर नोकरी, संसार, सगळं रेटलं. पंचेचाळिशीनंतर मात्र तेही पुरेना. किसणी हातात धरून "ते... खोबऱ्याचं" म्हणत उभी राहायचे. चार वाजले की ऑफिसातल्या ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत टोचायचा. द्वारकेच्या चौकात एकदा कुठल्या बाजूला वळायचं तेच सुचेना, त्या दिवसापासून स्कूटी बंद केली. एमआरआय नॉर्मल आला. मारामुळे मेंदूतले ताणले गेलेले सूक्ष्म तंतू त्यात दिसतीलच असं नाही, म्हणून मग दोन तास परीक्षा घेतली: आकडे उलटे सांगा, शब्दांची यादी ऐका आणि अर्ध्या तासाने आठवा. पंधरातले चार आठवले. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं मेंदूने दुसऱ्या वाटा काढून काम भागवलं, वयाबरोबर ती शिल्लक कमी होतेय. वेड लागलेलं नाही, हे ऐकून मी बाहेर बाकावर किती वेळ बसले होते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. तुझ्या दहावीच्या वर्षी मिक्सर, कुकर आणि तुझं मोठ्याने पाठांतर एकदम सुरू असताना मी तुझी वही फेकली होती. तू घाबरून माझ्याकडे पाहिलंस, तो चेहरा माझ्यासमोरून जात नाही. आवाजांची गर्दी झाली की माझा ब्रेक उशिरा लागतो, त्याला कारण आहे हे आता मला माहीत आहे. पण वही तुझी होती आणि तू पंधरा वर्षांचा होतास. मी तुझी माफी मागते. तेव्हाच मागायला हवी होती.

आणि हेल्मेट. २०२१ मध्ये नाशकात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' झालं, तेव्हा लोक पंपावर एकमेकांचं हेल्मेट मागून घेत होते. तू ते आरशाला अडकवून फिरतोस. डोक्यात घाल, बाळा. पथकातलं कोणी पडलं, डोकं आपटलं, आणि नंतर उलटी झाली, गुंगी आली किंवा तेच तेच विचारू लागलं, तर "काही नाही रे" म्हणून त्याला घरी सोडू नका. थेट दवाखान्यात न्या. आणि तुला लागलं तर मला सांग. मी रागावेन या भीतीने लपवू नकोस.

यंदा मी बाबांशी बोलून ठेवलंय. रविवार कारंजावर मावशीच्या मैत्रिणीचं घर आहे, दुसरा मजला, काचेची खिडकी. दुपारी झोपून घेईन, कानात बोळे घालेन आणि तुमचं पथक येईल तेवढ्यापुरतीच उभी राहीन. आवाज थोडाच येईल, पण तुझे हात दिसतील. डाव्या हाताला वर बघ. मी पिवळी साडी नेसणार आहे.

तुझी,
आई