पुतणीच्या रिपोर्टबद्दल

फोंडा, गोवा
५ जून

प्रिय सुहास,

तिच्या घामातलं क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोलच्या वर, तेही दोन्ही वेळा. म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसच, कफ घट्ट करणारा जन्मजात आजार. तू विचारलंस, रक्तात पांढऱ्या पेशी एवढ्या असताना छातीतला संसर्ग का जात नाही? पेशी कमी पडत नाहीत रे, नको तेवढ्या येतात.

खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या फाटकाचं, दार अडकलं की पाण्याची ये-जा थांबते ते तुला ठाऊक आहे. श्वासनलिकेच्या पेशींवर सीएफटीआर नावाचं असंच क्लोराइडचं दार असतं. ते बिघडलं की क्लोराइड बाहेर येत नाही, त्यामागून येणारं पाणीही येत नाही. कफ डिंकासारखा होतो, जंतू त्यात ठाण मांडतात: लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस नि हिमोफिलस, पुढे स्यूडोमोनास. त्यांना मारायला न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशी धावतात आणि कफातच मरून फुटतात. आतला डीएनए सांडतो, त्याच्या लांब धाग्यांनी कफ आणखी चिवट होतो. इलास्टेज हे एन्झाइमही सांडतं. ते फुप्फुसाला लवचीक ठेवणारं इलास्टिन कापतंच, वर अँटिबॉडी आणि न्यूट्रोफिलचे जंतू ओळखणारे रिसेप्टरही तोडतं. म्हणजे गर्दी वाढते नि काम होत नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३ महिन्यांच्या ज्या बाळांच्या फुप्फुसाच्या धुवणात मोकळं इलास्टेज सापडलं, त्यांच्यात ३ वर्षांपर्यंत ब्रॉन्किएक्टेसिसचा (श्वासनळ्या कायमच्या रुंद होण्याचा) धोका जास्त दिसला. म्हणून वहिनींना सांग, खोकला नाही त्या दिवशीही फिजिओ (कफ सुटण्यासाठीची छातीची फिजिओथेरपी) चुकवायची नाही.

नेब्युलायझरचा नेहमीचा क्रम असा: आधी नळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल, कारण ७ टक्के सलाइनने (मिठाच्या पाण्याने) नळ्या आकसू शकतात. मग ते सलाइन ४ मिली; ते पाणी ओढून कफ सैल करतं. लगेच फिजिओ. इनहेल्ड अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यात शेवटी, मोकळ्या झालेल्या नळ्यांत. डॉर्नेज हे नेब्युलायझरमधलंच आणखी एक औषध, २.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. ते कफात सांडलेला डीएनएच कापतं. फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या औषधात मिसळू नका. वेळ आणि वयाप्रमाणे काय द्यायचं ते तिच्या डॉक्टरांनाच ठरवू दे.

आता पाऊस आला, खरी गोची इथे आहे. नेब्युलायझरचा कप नि माउथपीस दर वेळी साबणाने धुवून ५ मिनिटं उकळायचे. लोक नेमकं उकळल्यावर नळाखाली विसळतात, की स्यूडोमोनास परत हजर! ओला कप डब्यात बंद करणं तितकंच वाईट. दोन-तीन संच घ्या, पाणी झटकून उघड्यावर सुकू द्या. कंप्रेसरची नळी मात्र उकळायची नाही. ओल आलेल्या भिंतीजवळ तिचा पलंग नको, बुरशीतला ॲस्परजिलस या मुलांना फार छळतो.

घामातून मीठ जातं, त्यामुळे उन्हाळ्यात पेजेत मीठ नेहमीपेक्षा जास्त. खारातलं तोर (मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी) मागितलं तर अडवू नका. किती ते डॉक्टर सांगतील.

लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. तेव्हा दर तीन महिन्यांनी खोकवून घशाचा स्वॅब कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) द्या, आणि चिठ्ठीवर सिस्टिक फायब्रोसिस असं लिहून घ्या. लॅब मग त्या जंतूंसाठी वेगळ्या प्लेट लावते. निकाल आला की फोटो पाठव.

तुझा,
अजय