आभार, ‘पुढचा प्रश्न विचार’ म्हणणाऱ्या ताईचे

प्रिय ताई,

मेडिकलला पाठांतराची सूत्रं कुठल्याही सिनियरकडे मिळतात. मनगटाची ८ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या १२ क्रेनियल नर्व्ह्ज, सगळ्यांसाठी काही ना काही तयार असतंच. तू मला त्या सूत्रांकडून काम करून घ्यायला शिकवलंस, त्याबद्दल हे पत्र. ‘अक्षर आठवलं ना? आता पुढचा प्रश्न विचार,’ असं म्हणून तू समोर बसून राहायचीस. स्वतःची परीक्षा तोंडावर असतानाही.

१९७२ हा आकडाच घे. व्हिटॅमिन के लागणारे रक्त गोठवणारे फॅक्टर १०, ९, ७ आणि २. तो पाठ व्हायला किती वेळ लागतो? पण तू तिथे सोडलं नाहीस. यातला सगळ्यात आधी कोणता संपतो? ७, त्याचं अर्धायुष्य काही तासांचंच. म्हणून व्हिटॅमिन केचं काम अडवून गुठळ्या रोखणारं वॉरफरिन सुरू केलं की प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे तपासणीत रक्त गोठायला लागणारा वेळ, लवकर वाढतो. मग औषध लागू पडलं म्हणायचं का? नाही, कारण फॅक्टर २ कमी व्हायला काही दिवस जातात. शिवाय गुठळीला आवर घालणारं प्रोटीन सीसुद्धा व्हिटॅमिन केवरच अवलंबून, आणि तेही लवकर घटतं. म्हणजे पहिल्या दिवसांत गुठळीचा धोका उलट वाढू शकतो. पायात गुठळी झालेल्या पेशंटला वॉरफरिनच्या जोडीला सुरुवातीला लगेच काम करणारं हेपॅरिन का देतात, हे मला त्या चार आकड्यांतून उलगडलं. पुस्तकात ते वेगवेगळ्या पानांवर होतं.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी फेशियल नर्व्ह तर तू माझ्याच चेहऱ्यावर शिकवलीस. मागे उभी राहून कानाजवळ तळवा टेकवलास आणि बोटं फाकवलीस: अंगठा कानशिलाकडे, मग डोळा, गाल, जबडा, आणि करंगळी मानेवर. त्याच तिच्या पाच फांद्या: टेम्पोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मँडिब्युलर, सर्व्हायकल. लगेच म्हणालीस, ‘कपाळाला आठ्या घाल.’ लकव्यात कपाळ हलतंय का, हे आधी का बघायचं ते तेव्हाच कळलं: कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश येतात, म्हणून स्ट्रोकमध्ये ते सहसा वाचतं, बेल्स पाल्सीत नर्व्हच गेलेली असते, तिथे कपाळही जातं.

आणखी एक. कुठलं सूत्र टाकून द्यायचं हेही तू सांगायचीस. क्रेनियल नर्व्ह्जच्या नावांची आद्याक्षरं लक्षात ठेवायच्या त्या प्रसिद्ध वाक्यात सुरुवातीलाच तीन ‘ओ’. ऐन व्हायवात कुठला ओ कुठला? तू वाक्य बाजूला ठेवून मेंदूचा तळ दाखवलास: पुढे वासाची, मग दृष्टीची, तिच्या मागे डोळा फिरवणारी. मला आजही हेच जास्त पटतं.

आता मी ज्युनियर्सना शिकवते तेव्हा तुझीच पद्धत वापरते. हो, रक्तात आम्ल साठण्याच्या एका प्रकारच्या मेटॅबॉलिक अॅसिडोसिसची कारणं आठवायला तू दिलेलं ‘मडपाइल्स’ हे सूत्र मात्र मी बदललंय. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याऐवजी ‘गोल्डमार्क’ सुचवलं गेलं. त्यात आता फारसं कुणी न वापरणारं पॅराल्डिहाइड हे औषध गेलं, आणि पॅरासिटामॉल बरेच दिवस घेणाऱ्यांत साठू शकणारं ऑक्सोप्रोलिन हे आम्ल आलं. ते का साठतं, हे विचारशीलच. पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन कमी पडतं म्हणून. उत्तर तयार ठेवलंय, ताई.

मनापासून आभार.

तुझी ज्युनियर