नावावरची जमीन आणि रात्रीची पाळी

पुंडोंग, जिल्हा बांतुल
(योग्यकार्ता, जावा, इंडोनेशिया)

प्रिय शैला,

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. परतीच्या पावसाने सोयाबीनचं काय केलं ते मात्र तू लिहिलं नाहीस.

तू विचारलेले दोन्ही प्रश्न मनाला लागले. रात्री-अपरात्री काही झालं तर तिथे तुझ्या हाकेला कोण येणार? आणि ज्या घरात तू राहतेस त्यात तुझ्या नावावर काय आहे? फोनवर हे धड बोलता येत नाही, शेजारी कोणी ना कोणी बसलेलं असतं. म्हणून निवांत लिहायला बसले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. माझ्या नावावर काहीही नाही, आणि कायद्याने असूही शकत नाही. इथला जमिनीचा मूळ कायदा १९६० चा आहे. त्यात पूर्ण मालकीचा हक्क, ज्याला हे लोक 'हाक मिलिक' म्हणतात, तो फक्त इथल्या नागरिकालाच मिळतो. परदेशी माणसाला फार तर मुदतीचा वापरहक्क. मला हे चालण्यासारखं होतं, पण मेख पुढे आहे. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरतात. म्हणजे ह्यांनी भाताचं खाचर विकत घेतलं की त्यात माझाही वाटा आला, आणि परदेशी माणसाचा वाटा आला की ती मालकी वर्षाच्या आत सोडून द्यावी लागते. माझ्याशी लग्न केलं म्हणून ह्यांना स्वतःच्या गावात जमीन घेता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटायचं.

त्यावर पूर्वी एकच तोड होती, लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. लग्न होऊन गेलं असेल तर दार बंद. मग जपानी माणसाशी लग्न केलेली एक इंडोनेशियन बाई थेट घटना न्यायालयात गेली. तिने फ्लॅटचे पैसे भरले होते आणि बिल्डर ताबा द्यायला तयार नव्हता. ऑक्टोबर २०१६ मध्ये निकाल लागला की असा करार लग्नानंतरही करता येईल. त्या निकालाच्या आधारावर आम्ही नोटरीकडे जाऊन सह्या केल्या. खाचर आता एकट्या ह्यांच्या नावावर आहे. सासूबाईंचं घर उद्या वारशाने ह्यांच्याकडे येईल तेही ह्यांचंच. त्या बाईला मी कधी भेटले नाही, पण तिचे उपकार मोठे आहेत.

सासूबाईंच्या, म्हणजे इबुंच्या, घराच्या जागेची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे एक जुनाट कागद होता, त्याला गिरिक म्हणतात. पिढ्यान् पिढ्या लोक तो कपाटाच्या तळाशी जपून ठेवतात आणि तीच मालकी समजतात. मुळात तो जमिनीचा कर भरत असल्याचा कागद. मूळ नोंद गावच्या कचेरीतल्या वहीत. आपला सातबारासुद्धा महसुलाचीच नोंद, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे तुमच्या बांधाच्या भांडणात वकिलाने सांगितलं होतं ते आठवतंय ना? तसंच. २०२१ च्या नियमाने असले जुने कागद पाच वर्षांत रीतसर नोंदवायला सांगितले, त्यापुढे ते मालकीचा पुरावा म्हणून धरायचे नाहीत.

इथे २०१७ पासून सरसकट मोजणीची मोहीम आहे. एकेकट्याने खेटे घालायचे नाहीत, अख्खं गाव एका दमात मोजतात. जावात तयारीच्या खर्चाचे दीड लाख रुपिया घेतात, म्हणजे आपले हजाराच्या आतच. मला आवडलं ते हे की खुंट रोवताना चारही बाजूंचे शेजारी हद्दीवर हजर लागतात आणि त्यांची सही लागते. मग यादी चौदा दिवस गावात लावून ठेवतात, कुणाची हरकत असेल तर त्याने तेव्हाच बोलायचं.

आमच्या पूर्वेला जास्वंदीचं कुंपण आहे. ते वर्षानुवर्षं छाटताना सरकत सरकत पलीकडे गेलेलं, असं शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांचं म्हणणं. त्यांच्या मते हद्द फणसाच्या बुंध्याला लागून. इबुंच्या मते कुंपण तीच हद्द. मोजणीवाली तरुण पोरं टेप घेऊन उन्हात उभी. कुणाचाही आवाज चढला नाही, आणि मला तर तीच शांतता अवघड वाटत होती. आपल्याकडे एव्हाना चार पिढ्यांचा उद्धार झाला असता. पाक दुकुह, म्हणजे वाडीचे प्रमुख, आले. ओट्यावर बसले, गोड चहा घेतला, उकडलेले शेंगदाणे सोलत भाताच्या भावाबद्दल बोलले. बराच वेळ फणसाचं नावही काढलं नाही. मग इबुच उठल्या, बुंध्यापासून वीतभर अंतरावर पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथे रोवा. दीड फुटाची लांबलचक पट्टी गेली. ह्यांचा चेहरा उतरला होता. रात्री मी विचारलं तेव्हा इबु एवढंच म्हणाल्या की भूकंपात मला विटांखालून त्या म्हाताऱ्याने ओढून काढलं, तेव्हा त्याने हद्द पाहिली नव्हती.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं, शैला.

२७ मे २००६, शनिवार, पहाटेचे पाच वाजून त्रेपन्न मिनिटं. लोकांचं लक्ष उत्तरेला होतं, कारण मेरापी ज्वालामुखी त्या दिवसांत धुमसत होता. धक्का आला तो दक्षिणेकडून, आमच्या पायाखालून. मिनिटाच्या आत सगळं संपलं. पावणेसहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक बांतुल जिल्ह्यातली. त्यातच समुद्र आत येतोय अशी आवई उठली आणि लोक जखमींना सोडून उत्तरेकडे पळत सुटले. समुद्र आलाच नाही. ते आजोबा पळाले नाहीत.

किल्लारीच्या रात्री तू आणि मी आठ-नऊ वर्षांच्या होतो. विसर्जन करून लोक झोपले होते. आपल्याकडे खणाची लाकडं पुष्कळ ठिकाणी उभी राहिली आणि दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. इथेही तसंच झालं. चार खांबांवर तोललेली लाकडी जुनी घरं पुष्कळशी तगली, आणि पैसा आल्यावर हौसेने बांधलेल्या, आत सळई नसलेल्या विटांच्या भिंती पडल्या. इबुंच्या अंगावर पडली ती भिंत त्यांच्या नवऱ्याने मोठ्या अभिमानाने बांधलेली होती.

पण त्यानंतरचं मात्र वेगळं, आणि हे तुला मुद्दाम सांगायचंय. आपल्याकडे बावन्न गावं उचलून नव्या जागी नेली. घरं भक्कम झाली, रस्ते रुंद झाले, आणि तुझी आई मात्र वर्षानुवर्षं म्हणत राहिली की इथे हाक मारली तर ऐकू जात नाही. बांतुलमध्ये बहुतेकांनी त्याच जागेवर, त्याच शेजारात पुन्हा घर बांधलं. सरकारने पूर्ण पडलेल्या घराला दीड कोटी रुपिया दिले, पण एकेकाच्या हातात नाही. शेजारच्या दहा-पंधरा घरांचा गट करायचा, पैसा गटाकडे हप्त्याहप्त्याने यायचा आणि एकमेकांच्या घरावर सगळ्यांनी राबायचं. खाली पायाला पट्टा, कोपऱ्याला सळईचे खांब, वर पुन्हा पट्टा, हे झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. आज इथे कुठलीही म्हातारी बाई घर पाहायला गेली की आधी वरच्या पट्ट्याबद्दल विचारते. जमिनीखालचा ओपाक नदीचा भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, आहे तिथेच आहे, ते मी विसरत नाही. तरी मला विचारशील तर शेजार मोडला नाही हे फार मोठं काम झालं.

रोजच्या रात्रीचं सांगते. वाडीच्या तोंडाशी एक छोटी चौकी आहे, तिथे फळ्यावर वारांप्रमाणे नावं लिहिलेली. प्रत्येक घरातल्या पुरुषाची आठवड्यातून एक रात्र पाळी. ह्यांची गुरुवारी. चौकीला पोकळ लाकडाचा केंतोंगान टांगलेला असतो आणि त्याचे ठोके ठरलेले आहेत. दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे नैसर्गिक संकट. लहान पोरांनाही ते पाठ. पाळीवाले घरोघर हिंडताना प्रत्येक भिंतीला खिळ्याने ठोकलेल्या डब्यातून जिम्पितान गोळा करतात. पूर्वी चिमूटभर तांदूळ असायचे, आता पाचशे रुपियाचं नाणं. त्यातून मांडवाचे बांबू, ताटं, रस्त्याचे दिवे, कुणी दवाखान्यात असेल तर त्याच्या घरी पाकीट. आमच्या डब्यात मी संध्याकाळी दिवा लावताना नाणं टाकते. आणि डबा दोन रात्री रिकामा राहिला की तिसऱ्या सकाळी कोणीतरी विचारायला येतंच, बरं आहे ना घरात? एकट्या राहणाऱ्या एका आजी पडून होत्या, ते असंच कळलं.

बायकांना रात्रीच्या गस्तीची पाळी नाही, पण आमची महिन्याची भिशी असते. तिथे कळत नाही असं काही नसतं.

आता बाकीचंही लिहिते, नाहीतर तू म्हणशील चांगलंच तेवढं सांगते. पाहुणा चोवीस तास राहिला तर गल्लीच्या प्रमुखाला कळवायचं असा नियम आहे. पहिल्यांदा आले तेव्हा माझा पासपोर्ट किती हातांतून फिरला! ही गल्लीवार रचना जपानी अंमलात, दुसऱ्या महायुद्धात, लोकांवर नजर ठेवायलाच आणली गेली आणि पुढे राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीने ती तशीच वापरली. त्याचा वास अजून येतो. कोणाकडे कोण येतं, किती वाजता जातं, हे सगळ्यांना माहीत. वेगळं वागणाऱ्या माणसाला इथे जड जातं. आणि दोन-दोन ठोके वाजले की धावणाऱ्या गर्दीची मला भीती वाटते. पकडलेल्या चोराला पोलीस येईपर्यंत मारून टाकल्याच्या बातम्या या देशात पुष्कळदा येतात. आमच्या वाडीत पाक दुकुहांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय की हात लावायचा नाही, चौकीत बसवायचं. शहराकडच्या रस्त्यांवर रात्री मोटारसायकलवरून हत्यारं घेऊन हिंडणाऱ्या पोरांच्या टोळ्या असतात, त्यामुळे आमचा मुलगा अंधार पडल्यावर क्लासला एकटा जात नाही. हे सगळं आहे.

तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की हाक मारली तर इथे माणूस येतो, आणि येतो तो मी त्याला आवडते म्हणून नव्हे. आज त्याची पाळी असते, परवा ह्यांची असते. माझ्यासारख्या परक्या बाईला याच्याइतका आधार दुसरा कशाचा वाटला नाही. आणि मोजणीचा तो दिवस पाहिल्यापासून हेही पक्कं पटलंय की शेजारी कितीही चांगला असला तरी खुंट रोवून, सही घेऊन ठेवावी. आजोबांची मुलं शहरात आहेत. उद्या ती आली तर त्यांना विटांची गोष्ट काय माहीत असणार?

म्हणून आता तुलाच विचारते. तुझ्या सातबाऱ्यावर भावांच्या बरोबरीने तुझं नाव लागलं का? मुलींचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून कायद्यात आहे, आणि तू अजून 'दादा बघेल' म्हणतेस. दादा चांगलाच आहे, मी लहानपणापासून ओळखते त्याला. पण बाबांचे डोळे आत्ता नीट झालेत, त्यांना कागद वाचता येतोय, तोवर त्यांना घेऊन तलाठ्याकडे जा, नाहीतर वाटणी कशी करायची ते वकिलाकडून त्यांच्यासमोर लिहून घे. काय झालं ते मला कळव. दिवाळीनंतर आम्ही येतोय, तोवर झालं नसेल तर मी तुझ्याबरोबर येईन.

इबुंनी तुझ्यासाठी कसाव्याच्या शेवया वाळवून ठेवल्यात. बाबांना आणि वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
मंगल