शनिवारच्या फिर्नबद्दल

विंटरथूर, १२ एप्रिल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुम्ही चौघं डियाव्होलेत्साच्या केबल कार स्टेशनवरून स्कीने पेर्स हिमनदीवर उतरणार, हे ऐकून बरं वाटलं. २,९७८ मीटरवरून निघून मॉर्टेराच स्टेशनपर्यंत, म्हणजे १,८९६ मीटरपर्यंत, जवळजवळ दहा किलोमीटरची उतरंड आहे. समोर सतत पिझ पालू आणि बर्निना ही शिखरं. एप्रिलच्या मध्याला बर्फ जुळून आला, तर याहून सुंदर ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या वाटेबाहेरचा, दिवस एंगाडिनच्या खोऱ्यात मिळणं कठीण. पण तो जुळून येतो की नाही हे आदल्या रात्रीच ठरतं, म्हणून आधी रात्रीबद्दल लिहितो.

फिर्न म्हणजे दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ. असं अनेक दिवस झालं की कण साखरेसारखे जाड होतात आणि वर टणक पापुद्रा धरतो. तो धरायला आकाश निरभ्र हवं. बर्फ आपली उष्णता रात्रभर आकाशाकडे सोडत असतो. ढग आले की ती उष्णता परत खाली येते, मग हवा उणे दोनवर असली तरी पापुद्रा कच्चाच राहतो. उलट आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असेल, तर हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असूनही पृष्ठभाग छान गोठतो. त्यामुळे नुसतं हवेचं तापमान बघून ठरवू नका. दावोसच्या हिमस्खलन संस्थेच्या, एसएलएफच्या, पानावर डोंगरातल्या स्वयंचलित केंद्रांचे आलेख असतात. त्यात बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान वेगळं दिलेलं असतं. रात्रभर ते उणे पाचच्या खाली राहिलं असेल, तर निर्धास्त नाही पण समाधानाने निघा. रात्र ढगाळ गेली असेल, तर हा बेत सोडा आणि पिस्टवर मजा करा. यात कमीपणा नाही.

त्याच संस्थेचं पत्रक संध्याकाळी पाच वाजता येतं, सकाळी आठला पुन्हा येतं. वसंतात त्यात कोरड्या आणि ओल्या हिमस्खलनाचा धोका वेगवेगळा दिलेला असतो. धोक्याचा नुसता आकडा, १ ते ५ मधला, वाचून थांबू नकोस. सकाळी १ असलेला ओल्या बर्फाचा धोका दुपारी ३ झालेला असू शकतो. कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीपर्यंत, हे खालच्या मजकुरात असतं आणि खरं कामाचं तेच असतं. धोका २ असेल तर ४० अंशांच्या, ३ असेल तर ३५ अंशांच्या आतल्या उतारावर राहायचं, हा हिमस्खलनतज्ज्ञ मुंटरचा नियम तुम्हाला शिकवलाय. तो कोरड्या बर्फासाठी आहे. ओल्या बर्फाला घड्याळ लावावं लागतं.

तर घड्याळाकडे येतो. ऊन आधी पूर्वेच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. वरच्या स्टेशनवरून हिमनदीकडे जाणारा पहिला उतार नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे, म्हणून तो उशिरा मऊ होतो. पहिल्या केबल कारने वर जा, पण लगेच उडी घेऊ नका. गोठलेल्या पापुद्र्यावर तीस अंशांच्या वरच्या उतारावर पाय निसटला, तर माणूस थांबत नाही, खालपर्यंत घसरत जातो. काठीचं टोक दाबून बघत राहा. वरचे दोन-तीन सेंटीमीटर मऊ आणि खाली टणक, ही निघण्याची वेळ. स्वच्छ दिवशी ती साधारण साडेदहा-अकराच्या आसपास येईल. आणि बारा-साडेबारापर्यंत तुम्ही खालच्या दरीतून बाहेर पडलेले हवेत. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, की वेळ टळली असं समजा आणि कड्यांपासून लांब सपाटीवर जा.

मॉर्टेराचच्या दरीत डावीकडे बोव्हालची बाजू आहे. तिच्यावर सकाळचं ऊन पहिलं पडतं. उजवीकडे मुंट पेर्स डोंगराच्या पश्चिम भिंतीवर दुपारी पडतं. दोन्हींच्या पायथ्याशी थांबू नका, डबे मधल्या सपाटीवर उघडा. पेर्स हिमनदीची जीभ, म्हणजे खालचं टोक, आता मॉर्टेराच हिमनदीला मिळत नाही. मधे खडक आणि घसारा उघडा पडला आहे आणि बर्फ असतो तसा मार्ग दरवर्षी सरकतो. म्हणून गेल्या वर्षीच्या जीपीएस रेषेवर विसंबू नका. वाट उघडी आहे का आणि खुणा कुठून लावल्या आहेत, हे केबल कारच्या माणसांना विचारून मगच निघा.

हिमनदीसाठी हार्नेस, म्हणजे दोर जोडायचा कमरेचा पट्टा, वरच्या स्टेशनलाच चढवायचा, पुढे गरज पडली की घालू असं नाही. हार्नेसच्या लूपला एक स्लिंग (पट्टीचा फास) आणि लॉकचं कॅराबिनर (कडी) आधीच अडकवून ठेव. हिमनदीतल्या भेगेत पडलेल्या माणसाला दोर जोडायला तेच हाताशी येतं. दोर दोघांकडे हवा आणि ते दोघं एकमेकांच्या लगेच मागेपुढे नकोत, नाहीतर दोर भेगेत आणि माणसं वर अशी गत होते. आपसात दहा मीटर अंतर ठेवा. फोटोसाठी किंवा पाणी प्यायला थांबलात तरी स्की पायातून काढू नका. वजन पसरलेलं असतं म्हणून भेगेवरचा बर्फाचा पूल तग धरतो. नुसत्या बुटाखाली तोच पूल फुटतो. हे पूलही सकाळी पक्के असतात आणि दुपारी लेचेपेचे होतात.

ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि साधारण चाळीस-पन्नास मीटरवरून सिग्नल पकडतो. त्यात अल्कलाइन सेलच घाल. रिचार्जचे सेल शेवटपर्यंत भरलेले दाखवतात आणि मग एकदम बसतात. फोन त्याच्यापासून वीस सेंटीमीटर लांब, आणि शोधताना पन्नास. निघताना प्रत्येकाचा सिग्नल एकाने तपासायचा, मग त्याचा दुसऱ्याने.

शोधाची तालीम शुक्रवारी संध्याकाळी एकदा करा. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला, तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाने तिघांतला एक. शेवटच्या तीन मीटरमध्ये यंत्र बर्फाला टेकवून सावकाश फिरवायचं. अंतराचा सगळ्यात लहान आकडा जिथे मिळेल तिथून पंचवीस-पंचवीस सेंटीमीटरच्या अंतराने वाढत्या गोलात प्रोब, म्हणजे लांब सळई, खुपसायचा, तोही उताराला काटकोनात. लागला की तिथेच राहू द्यायचा. खणायला प्रोबच्या बाजूला नाही, उताराच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, खोलीच्या दीडपट अंतरावर. दोघं पुढे खणतात, मागचे बर्फ ओढून काढतात आणि दमण्याआधी जागा बदलतात. ओलं हिमस्खलन थांबताक्षणी काँक्रीटसारखं आवळतं, प्लास्टिकचं फावडं त्यात मोडतं. तुझ्या मैत्रिणीकडे अजून तसलंच असेल, तर माझं अ‍ॅल्युमिनियमचं घेऊन जा, जिन्याखालच्या कपाटात आहे.

चौघांत जो सगळ्यात नवा, त्याच्या वेगाने चाला. कोणी गप्प बसलं असेल तर त्याला थेट विचार, “तुला परत जावंसं वाटतंय का?” ओळखीच्या माणसांत ‘हो’ म्हणायला संकोच वाटतो आणि म्हणून चुकीचे निर्णय मैत्रीत जास्त होतात. परत फिरायची वेळ केबल कारमध्ये बसल्या बसल्या ठरवा. समोर उतार दिसायला लागल्यावर ती पुढे ढकलायचा मोह होतो.

उन्हाला हलकं घेऊ नकोस. एसपीएफ ५० दर दोन तासांनी, नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही, कारण किरणं बर्फावरून वर येतात. उन्हाचा चष्मा कॅटेगरी ४ चा, म्हणजे सगळ्यात गडद, आणि गाडी चालवताना तो काढायचा. डोळे भाजले तर त्या क्षणी कळत नाही, रात्री वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. पाणी दोन लिटर.

काही झालंच तर हवाई बचाव सेवेचा, रेगाचा, १४१४, नाहीतर ११२. दरीत सिग्नल कुठे असेल सांगता येत नाही. मॉर्टेराचला ट्रेनची वाट बघताना मला मेसेज टाक. मी दोन वाजेपर्यंत वाट पाहीन, मग तुम्हा चौघांना फोन लावेन. अडीचपर्यंत कोणीच उचलला नाही, तर १४१४ ला मी फोन करेन. म्हणून चौघांची नावं, नंबर, आणि कोणाच्या जॅकेटचा रंग कोणता, हे शुक्रवारी रात्री पाठवून ठेव.

तुझा,
बाबा