मित्रास पत्र : फझ नंतर लावता येत नाही

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचलं, सोबतचे कच्चे टेकही ऐकले. तिसऱ्या गाण्याचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) फार आवडला. त्यातला तो बेंड सूर गाठायला जरा उशीर लावतो, तिथे मी मागे जाऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. पण गिटार सरळ इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात) घालून सगळं कोरडं, म्हणजे कुठलाही इफेक्ट न लावता, रेकॉर्ड करायचं आणि पेडल्स मागाहून ठरवायची, हा तुझा बेत मला पटलेला नाही. रिव्हर्ब, कोरस, डिले (प्रतिध्वनी) यांचं नंतर बघता येतं. फझचं, म्हणजे आवाज फाडून भरभरता करणाऱ्या पेडलचं, तसं नाही. आणि तुझं हे गाणं तर फझवरच उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू घेतलंयस ते पेडल फझ फेसच्या घराण्यातलं. मूळ फझ फेस लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली बाजारात आणलं. आत काय, तर दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि वर दोन नॉब. सुरुवातीला जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, पुढे सिलिकॉनचे आले. या एवढ्याशा सर्किटची खुबी अशी, की त्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फारच कमी असतो. बहुतेक पेडल्स आणि अँप पिकअपकडून (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या गिटारवरच्या कॉइलकडून) जवळजवळ काहीच करंट ओढत नाहीत. फझ फेस मात्र पिकअपवर भार टाकतं. पिकअपची कॉइल, गिटारचा व्हॉल्यूम पॉट आणि मधली केबल हे सगळं त्याच्याच सर्किटचा भाग होऊन बसतं.

म्हणूनच गिटारचा व्हॉल्यूम किंचित खाली घेतला की आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा पोतच बदलतो. भरभरणारा फझ विरत जातो आणि खाली लखलखीत, काचेसारखा क्लीन टोन सापडतो. पेडलला पाय न लावता! गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं वादन नीट ऐक. एकाच गाण्यात तो कुजबुजल्यासारख्या कॉर्ड्सवरून एकदम गर्जनेवर जातो, आणि त्यातलं कितीतरी काम त्याची करंगळी आणि व्हॉल्यूम नॉब करत असतात. ऑगस्ट १९६९ मध्ये वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्याच्या पायाशी वॉ (पायाने आवाजाची उघडझाक करणारं पेडल), फझ फेस आणि युनि-वाइब (आवाज लहरता करणारं पेडल) होतं, पुढे मार्शलचे अँप. एवढ्यावर त्याने जे उभं केलं ते आजही थक्क करतं.

आता तुझ्या बेताकडे येतो. इंटरफेसचा गिटार इनपुट साधारण एक मेगाओहमचा असतो, म्हणजे पिकअप तिथे अगदी मोकळा श्वास घेतो. तो कोरडा ट्रॅक तू उद्या रीअँप बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला ट्रॅक पुन्हा पेडल-अँपकडे पाठवणाऱ्या डब्यातून) फझमध्ये सोडलास, तर नोटा त्याच असतील, पण फझच्या समोर तुझी गिटार नसेल. व्हॉल्यूम नॉबचा तो खेळ तिथेच संपला. दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. क्लीन आवाज कानावर असताना तू वेगळा वाजवतोस. फझमध्ये नोट लांबते, म्हणून बोट थांबतं. नको त्या तारा पटकन बोलायला लागतात, म्हणून उजव्या हाताचा तळवा आपोआप त्यांच्यावर टेकतो. अँप मोठा असेल तर स्पीकरचा आवाज तारांना पुन्हा हलवतो आणि फीडबॅक सुरू होतो. कोरड्या ट्रॅकमध्ये हे काहीच नसतं, मग मागाहून त्यावर काय चढवणार?

मुळात फझचा जन्मच रेकॉर्डिंगच्या त्या क्षणातला आहे. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ रेकॉर्ड होत असताना कन्सोलचा (स्टुडिओतल्या मिक्सिंगच्या टेबलाचा) एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास सोलो चिरकत, भरभरत टेपवर उतरला. त्यांनी तो तसाच ठेवला. १९६१ मध्ये गाणं गाजलं. मग ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरने तोच आवाज ट्रान्झिस्टरांतून मुद्दाम काढायची खटपट केली आणि १९६२ साली गिब्सनने तो मेस्ट्रो फझ-टोन म्हणून विकायला काढला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’चा रिफ त्यातूनच वाजवला. खरं तर पुढे तिथे ब्रास वाजेल या हिशेबाने त्याने तो खुणेपुरता वाजवला होता. तो राहिला हे आपलं भाग्य.

तेव्हा तिसरं गाणं फझ आणि अँप लावूनच वाजव. फझ सगळ्यात पुढे, गिटारच्या लगेच नंतर ठेव. त्याच्या आधी ट्यूनर किंवा बफर (सिग्नलला मध्येच जोर देणारं सर्किट) असलेलं कुठलंही पेडल आलं की पिकअपशी त्याचं नातं तुटतं आणि आवाज कर्कश होतो. वॉ मात्र अपवाद, हेंड्रिक्स तो आधीच लावायचा. पण काही वॉ फझच्या आधी नीट फिरत नाहीत, तेवढं वाजवून बघ. तुझं पेडल पीएनपी प्रकारच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं असेल तर त्याचा ग्राउंड पॉझिटिव्ह असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर ते बाकी पेडल्सबरोबर एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरमधून सगळ्यांना वीज देणाऱ्या वायरवर) लावू नकोस, सरळ शॉर्ट होईल. त्याला वेगळी नऊ व्होल्टची बॅटरी दे. करंट इतका कमी लागतो की ती खूप टिकते, फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेव.

गेन (फझचा जोर) मनात येईल त्याहून कमी ठेव. एकट्या गिटारला जे भरदार वाटतं, ते बास आणि ड्रम आले की चिखल होतं. जाडी हवी असेल तर तोच रिफ दुसऱ्यांदा वाजवून दोन टेक डावी-उजवीकडे टाक. एकाच ट्रॅकची कॉपी करून काही होत नाही, आवाज सहा डेसिबलने वाढतो एवढंच. दोन वेळा वाजवण्यातला बारीक फरकच तो रुंदपणा देतो.

माइक म्हणून तुझा एसएम५७ पुरे. १९६५ पासून गिटार अँपसमोर तोच उभा आहे. स्पीकरच्या कोनच्या मधली टोपी जिथे कोनला मिळते तिथून सुरुवात कर. मध्याकडे सरकवलास तर तिखटपणा वाढेल, कडेकडे नेलास तर मऊ होईल, आणि जाळीच्या अगदी जवळ आणलास तर लो (खालचे सूर) वाढतील. ईक्यूला (वरचे-खालचे सूर कमीजास्त करणाऱ्या नॉबना) हात लावण्याआधी माइक बोटभर हलवून बघ. इंटरफेसवर २४ बिट ठेव आणि पीक उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू दे, वर कुरकुरण्याइतकं भरायची गरज नाही.

डिले नंतर लावता येतो म्हणालो, पण चौथ्या गाण्याला ते लागू नाही. तिथे तू प्रतिध्वनीच्या मध्ये नोटा बसवतोयस, त्यामुळे तो कानात असल्याशिवाय तो रिफ वाजणारच नाही. टेम्पो १२० असेल तर डॉटेड आठव्याचा (पाऊण ठोक्याचा) डिले ३७५ मिलिसेकंद येतो, तेवढा मॉनिटरमध्ये घे. रेकॉर्ड मात्र डिलेशिवाय केलंस तरी चालेल.

तरीही मनाला हुरहूर असेल आणि कोरडा ट्रॅक हवाच असेल, तर अ‍ॅक्टिव्ह डीआयच्या (गिटारचा सिग्नल सरळ रेकॉर्डिंगकडे नेणाऱ्या डब्याच्या) थ्रूमधून, म्हणजे तोच सिग्नल पुढे सोडणाऱ्या जॅकमधून, फझकडे जा. थ्रू सरळ जोडलेला असला तर फझला पिकअप दिसत राहतो. तो कोरडा ट्रॅक थोडा मंद वाटेल, कारण फझचा भार त्यावरही पडलेला असेल. त्याने बिचकू नकोस.

आता तिसऱ्या गाण्याचा एक टेक असा पाठव, ज्यात कडव्यात गिटारचा व्हॉल्यूम सहाच्या आसपास आहे आणि रिफला पूर्ण उघडला आहे, मध्ये पेडलला स्पर्श नाही. माइक कुठे ठेवलास तेही लिही, आणि तो बेंड आहे तसाच उशिरा येऊ दे.

तुझा,
सुहास