ब्रेनरच्या फलाटावर भेटलेली इगतपुरी

प्रिय सुऱ्या,

तुझ्या दोन मेसेजना उत्तर दिलं नाही, म्हणून आता शिव्या खाण्याआधी हे पत्रच लिहितोय. परवा इन्सब्रुकहून वेरोनाला जाताना वाटेत आपली इगतपुरी भेटली. हसू नकोस, नीट ऐक.

ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर ब्रेनर नावाची खिंड आहे. स्टेशन 1371 मीटर उंचीवर, लाइन 1867 सालची. इन्सब्रुकहून वर येताना चढ जवळजवळ चाळीसात एक (चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर), म्हणजे कसारा घाटाच्या सदतिसात एकचा सख्खा भाऊच. वाटेत एक मालगाडी दिसली, पुढे दोन इंजिनं आणि शेपटाला ढकलणारं एक. बँकर! डब्यात एकटाच ओरडलो, समोरच्या आजीबाई दचकल्या.

खरी गंमत डोक्यावरच्या विजेच्या तारेत आहे. ऑस्ट्रियाकडे 15,000 व्होल्ट एसी, तीही 16.7 हर्ट्झची. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटरींना 50 हर्ट्झ झेपत नव्हतं, म्हणून त्याचा तिसरा हिस्सा घेतला, तो अजून चालूच आहे. इटलीकडे 3,000 व्होल्ट डीसी. गाडी दहा-बारा मिनिटं थांबली तसा मी उतरून इंजिनापाशी गेलो. एक पेंटो, म्हणजे तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा, सावकाश खाली बसला, थोड्या वेळाने दुसरा वर गेला, आणि हा चांगलाच अरुंद. पुढे इटलीत शिरल्यावर डोक्यावर तारसुद्धा एकाऐवजी दोन, शेजारी शेजारी. व्होल्ट कमी, म्हणून करंट जास्त. इंजिन तेच राहिलं, ड्रायव्हर मात्र बदलला. ज्या देशात गाडी चालवायची तिथली भाषा त्याला यावी लागते.

आठवतं ना, भुसावळकडून एसीचं इंजिन यायचं, इगतपुरीला ते काढून मुंबईपर्यंत डीसीचं लागायचं? तेवढ्यात आपले वडे खाऊन व्हायचे. दोन्ही तारांवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं आपल्याकडेही होती म्हणा, पण शेवटी आपण मुंबईपर्यंतची तारच बदलून एसी करून टाकली. इथे दोन देश, दोघांचंही सगळं जाळं आपापल्या विजेवर उभं. कोण कुणासाठी बदलणार? म्हणून दोन्ही संसार इंजिनाच्या डोक्यावर.

आणि आता खिंडीच्या पोटातून 55 किलोमीटरचा नवा बोगदा चाललाय. त्यात वीज कुठली घालणार आहेत सांग. ऑस्ट्रियाची नाही, इटलीचीही नाही. 25,000 व्होल्ट, 50 हर्ट्झ. आपल्या रेल्वेचीच! म्हणजे आज एकदा होणारा बदल तिथे दोन्ही टोकांना, दोनदा. मला तर मौजच वाटली.

नानांना एक विचारून ठेव. इगतपुरीला इंजिन बदलायला नक्की किती मिनिटं लागायची? मी इथे सगळ्यांना वीस सांगून बसलोय.

तुझा,
मन्या